नखाला लागणारा चरा

काचेला चरा आहे की नुसता डाग, हे भिंगकाका डोळ्यांनी ठरवत नसत, अंगठ्याच्या नखाने ठरवत. नख अडलं तर चरा, सरळ घसरलं तर डाग. डाग पुसायचा, चरा घासून काढायचा. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत एकेचाळीस वर्षं त्यांनी हाच न्याय चालवला आणि त्यावर कधी अपील झालं नाही. भिंगं घासून घासून गल्लीत त्यांचं नावच भिंगकाका पडलं. त्यांच्या बायकोला मात्र भिंगकाकू म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्या नुसत्या काकू.

पुढे भिंगं कारखान्यातून तयार होऊन डब्यातून यायला लागली. मालकाने काकांना हार घालून घरी पाठवलं. घरी बसलेला नवरा म्हणजे काय असतं, ते काकूंना पहिल्याच आठवड्यात कळलं. काकांनी डब्यांची झाकणं घासली, आरशाचे कोपरे घासले, काकूंच्या चष्म्याला तर दिवसातून तीनदा हात लावला.

"अहो, मला दिसायचं तेवढं दिसतं," काकू म्हणायच्या. "उरलेलं मला बघायचंच नाहीये."

मग लेकीने गच्चीवर सोलरची आठ पॅनेलं बसवली आणि घरात शांतता आली. लेक लग्नानंतर दोन गल्ल्या पलीकडे राहायची, पण तिचा शिवणाचा कारखाना आईवडिलांच्या घराच्या तळमजल्यावर. सहा मशिनी, एक वाफेची इस्त्री, सहा शिवणाऱ्या बाया. दवाखान्यातल्या डॉक्टरांचे आणि नर्सांचे कोट तिथे शिवले जात. रोज अकरा ते चार लाईट जायची, तेवढा वेळ सगळा कारखाना या आठ पॅनेलांच्या जिवावर. पॅनेलांवर धूळ बसू द्यायची नाही, पाणी मारून पुसायची, हे काम आपसूक भिंगकाकांकडे आलं. ते सकाळी सातला वर जात आणि नऊला उतरत. धुवायला वीस मिनिटं पुरत, बाकीचा वेळ ते नुसते काचेजवळ असत. काकू खाली निवांत पेपर वाचत. असं दोन वर्षं चाललं.

अट एकच होती. मागच्या वर्षी काकांना एकदा जिन्यात भोवळ आली, तेव्हा लेकीने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पॅनेलांच्या पुढे जी पायवाट आहे तिच्यावर उभं राहून काय ते करायचं, पॅनेलांवर चढायचं नाही. पॅनेलं बसवणाऱ्या माणसानेही जाताना तेच सांगितलं होतं. "चढलात तर तुमची गच्ची बंद," लेक म्हणाली होती, आणि लेक कोणाची मुलगी आहे हे काकांना चांगलं ठाऊक होतं.

दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या गच्चीचा कठडा पडायला आला म्हणून गवंडी कामाला लागला. एका दुपारी त्याच्या हातातली थापी निसटली ती थेट पॅनेलांवर. मागच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या काचेवर हातभर लांब पांढरी रेघ उठली. गवंडी त्याच पावली येऊन सांगून गेला. लेकीने वर जाऊन पाहिलं, मशिनी चालू होत्या, इस्त्री तापत होती, तिने "बरं, राहू दे" म्हणून सोडून दिलं.

काकांनी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायवाटेवर उभे राहून त्या रेघेकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशीही. चरा आहे की डाग, हे नख लावल्याशिवाय कसं कळणार? आणि नख पोचत नव्हतं. पॅनेलांच्या दोन ओळी एकमेकींना चिकटून होत्या, पुढच्या ओळीवर गुडघे टेकल्याशिवाय मागच्या ओळीला हात लागत नव्हता.

चौथ्या दिवशी त्यांनी जुन्या ब्लँकेटची चौपदरी घडी पुढच्या पॅनेलवर घातली. काचेला ओरखडा उठायला नको, एवढी काळजी घेतली. मग तिच्यावर गुडघे टेकले आणि पुढे वाकून नख फिरवलं. नख अडलं.

संपलं. आता ती रेघ तिथे राहणं शक्य नव्हतं. त्यांनी ट्रंकेतून पॉलिशची लालसर भुकटी आणि जाड लोकरी नमद्याचा तुकडा काढला. भुकटी ओली करून आठच्या आकड्यात हात फिरवायला सुरुवात केली. इतक्या वर्षांनी हात विसरला नव्हता. चार सकाळी गेल्या, रेघ पुसट झाली, आणि तिच्याभोवतीची काच अशी लकाकायला लागली की आजूबाजूच्या काचा तिच्यापुढे न धुतलेल्या ताटांसारख्या दिसायला लागल्या. मग त्यांनी ते पॅनेल पूर्ण केलं. मग ब्लँकेट सरकवत सरकवत त्याच्या शेजारचं घेतलं. कोणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, सगळं झालं की लेकीला वर बोलवून दाखवू.

पण त्याच दिवसांत खाली आकडा उतरायला लागला. भर दुपारी सोलरच्या डब्यावर सव्वीसशे वॉटचा आकडा दिसायचा, तो तेविसशेवर आला, मग एकविसशे, मग एकोणीसशे. इस्त्री तापवायची तर दोन मशिनी बंद ठेवाव्या लागायला लागल्या. काकांचा हिशेब सरळ होता. चरा आत मुरतोय, अजून घासला पाहिजे. आकडा उतरत गेला तसा त्यांचा हात चढत गेला. नऊ सकाळी झाल्यावर भुकटी संपली आणि त्यांचा धीरही. आता काही बोलावं तर आधी चढल्याचं कबूल करावं लागणार होतं.

लेकीचा हिशेबही सरळ होता. थापी पडली आणि आकडा उतरला.

"एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे," असं म्हणून तिने तपासणीसाठी कंपनीची बाई बोलावली आणि त्याच वेळेला गवंड्यालाही वर बोलावलं.

तपासणीवाली जेमतेम पंचविशीची होती. पाठीला पिशवी, पायात कापडी बूट, डोक्याला रुमाल. बारा वाजता ऊन डोक्यावर आल्यावरच ती वर आली. उन्हात पॅनेल कामाला लागलेलं असताना बघावं लागतं, म्हणाली. पायवाटेवर चौघं ओळीने उभी राहिली: ती, लेक, गवंडी आणि सगळ्यात मागे भिंगकाका.

"ही बघा मॅडम," लेकीने बोट दाखवलं. "ही यांच्या थापीची कृपा."

"ताई, मी त्याच दिवशी येऊन सांगितलं होतं," गवंडी म्हणाला. टोपी काढून त्याने हातात धरली होती.

"सांगितलंत एक. पण नंतर खडी, विटांचे तुकडे काय काय पडलं ते कोण सांगणार? माझ्या सहातल्या दोन मशिनी बसून आहेत. दवाखान्याचे साठ कोट या आठवड्यात द्यायचेत. गल्लीत तुम्हाला परत कोणी कामाला बोलावलं तर माझं नाव बदला."

तपासणीवालीने हात वर केला. "थांबा जरा. आधी आजाऱ्याला बघू, मग भांडू."

ती पायवाटेच्या टोकापर्यंत गेली, वाकली, डोळे बारीक केले. "हे मागचं पॅनेल कोणी पुसलं?"

काकांना राहवलं नाही. "का? छान दिसतंय ना?"

"फारच छान दिसतंय, आजोबा. तेच तर वाईट आहे."

"म्हणजे?"

"या बाकीच्या काचा बघा. काळपट, मठ्ठ दिसतात ना? ऊन आत घेतात म्हणून मठ्ठ दिसतात. ही लकाकतेय, म्हणजे ऊन आपल्या तोंडावर परत फेकतेय. काचेवर एक पातळ थर असतो, ऊन परत जाऊ नये म्हणून. तो इथे कोणीतरी घासून काढलाय."

काका तिच्या तोंडाकडे बघत राहिले. दुकानातल्या शेवटच्या दोन वर्षांत अशी भिंगं यायची. हिरवट झाक असलेली, डब्यावर तांबड्या अक्षरात 'घासू नये' लिहिलेली. ते त्यांना 'नटव्या' म्हणायचे आणि हातही लावायचे नाहीत. त्या भिंगांत बघितलं तर समोरच्या माणसाचे डोळे स्पष्ट दिसायचे, खिडकीचा उजेड काचेवर नाचायचा नाही. सगळं त्यांना माहीत होतं. फक्त गच्चीवर पडलेली ही एवढी मोठी काचही नटवी असेल, हे डोक्यात आलं नव्हतं. एकेचाळीस वर्षं ज्या लकाकीसाठी हात झिजवले, तीच इथे चोर निघाली.

"मग त्या... त्यामुळे आकडा उतरला?" त्यांनी विचारलं.

"थर गेल्याने शंभरातले तीन-चार जातात. दोन पॅनेलांचाच गेलाय, म्हणजे एकूण हिशेबात एखादाच. त्याने मशिनी बंद पडत नाहीत."

"आणि चरा?" लेक म्हणाली.

"चरा?" तपासणीवाली हसली. "दारातून माशी आत आली म्हणून घरातली जागा कमी होते का? चरा राहिला असता तर तुम्हाला कळलंही नसतं. काच फुटली असती, आत पाणी गेलं असतं, तर गोष्ट वेगळी."

गवंड्याने टोपी डोक्यावर घातली. लेकीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने परत काढली.

"मग गेलं कुठे सगळं?" लेक म्हणाली. "सव्वीसशेचे एकोणीसशे झालेत, मॅडम."

तपासणीवालीने पिशवीतून कॅमेरा काढला. हा कॅमेरा रंग बघत नाही, ऊब बघतो, तिने सांगितलं. जिथे वीज पुढे जायला वाट नाही तिथे ती अडून तापते, आणि ते यात पिवळं दिसतं. तिने तो पुढच्या ओळीवर धरला आणि पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला. जांभळ्या पॅनेलावर दोन पिवळे ठिपके होते, शेजारी शेजारी. शेजारच्या पॅनेलावरही दोन. तिसऱ्यावर दोन, आणि त्यांच्यापुढे एक लहानसा तिसरा.

"आतल्या चकत्या तडकल्यात," ती म्हणाली. "वरची काच शाबूत आहे. खाली पापडासारख्या पातळ चकत्या असतात, काच वाकली की त्या मोडतात. वरून काही दिसत नाही. आणि ही सगळी एका माळेत आहेत. तीन आजारी पडली की माळेचं बळ जातं."

"बघा!" लेक म्हणाली. "दगड पडल्याशिवाय तडकतील का? यांनी मलबा इकडेच टाकला असणार."

"ताई, आईशप्पथ..."

"दगड पडला तर काच फुटते किंवा निदान टवका उडतो," तपासणीवाली म्हणाली. "आणि एकच ठिपका पडतो. हे सगळे जोडीने आहेत."

"माझी थापी एकटीच आहे हो, मॅडम," गवंडी म्हणाला. "जोडीने फिरत नाही."

तपासणीवालीने कागद काढला, कॅमेऱ्याचे आकडे त्यावर उतरवले आणि 'कारण' असं छापलेल्या रकान्यापाशी येऊन थांबली. "काहीतरी वजन पडलंय, एवढं नक्की. शेजारच्या कामाच्या वेळी कोणी इथे फळी टाकली होती का? फळीवर कोणी उभं राहिलं असेल तर असं होऊ शकतं. तसं लिहू?"

"लिहा," लेक म्हणाली.

"नाही हो," गवंडी म्हणाला. "फळी आमच्याच गच्चीवर होती. पण आता मी काय सांगू? मला त्यातलं काही कळत नाही." त्याने काकांकडे पाहिलं. काका रोज सकाळी वर असतात हे त्याला ठाऊक होतं. "काका, तुम्हीच सांगा. मी कधी इकडे पाय टाकला का?"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. तिसऱ्या पॅनेलावरच्या तीन ठिपक्यांतला तो लहान ठिपका त्यांना पहिल्या नजरेतच ओळखू आला होता. तो डाव्या हाताचा. उजवा हात घासत असताना डाव्याने टेकून राहायचं, ही त्यांची बाकावरचीच सवय. आता 'नाही, याने पाय टाकला नाही' एवढंच म्हणावं, तर लेक विचारणार, मग कोणी? आणि नुसतं गप्प बसावं, तर त्या रकान्यात फळी लिहिली जाणार. फळी लिहिली की गच्ची आपली राहणार. सकाळी सात ते नऊ. आणि हा माणूस उद्या गल्लीतून थापी घेऊन जाताना लोक दारं लावून घेणार.

खालून काकूंचा आवाज आला. "अहो, चहा करू का? की वरच्या वर उन्हातच भाजून घेताय सगळे?"

"थांब जरा!" काका ओरडले. मग तपासणीवालीकडे वळले. "पोरी, या दोन ठिपक्यांत अंतर किती आहे?"

तिने कॅमेऱ्यात पाहिलं. "वीत आणि वर चार बोटं असेल."

काकांनी कठड्याला हात लावला, हळूच खाली झाले आणि पायवाटेवर दोन्ही गुडघे टेकले. "आता माझं मोज."

तपासणीवाली खाली वाकली नाही. तिला मोजायची गरज पडली नाही. गवंडी दुसरीकडे बघायला लागला. लेकीच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतकं काही आलं की काकांनी तिच्या चपलांकडे बघणं पसंत केलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"नऊ सकाळी."

"चढायचं नाही असं सांगितलं होतं ना, बाबा?"

"ते मला वाटलं माझ्या हाडांसाठी सांगितलंस. काचेसाठी आहे असं म्हणाली असतीस, तर कधी चढलो नसतो."

"म्हणजे हाडांची काळजी नाही, काचेची आहे?"

"काच परत मिळत नाही."

"आणि बाबा मिळतात?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा फुटला की गवंड्याने चटकन पुढे होऊन काकांना काखेत धरून उभं केलं, म्हणजे सगळ्यांना काहीतरी करायला मिळालं.

"ब्लँकेट घातलं होतं मी खाली," काका उभे राहत म्हणाले. "ओरखडा नाही उठला एकही."

"नाही उठला, आजोबा," तपासणीवाली म्हणाली. "ते खरं आहे." तिने रकान्यात लिहिलं: साफसफाई करताना गुडघ्यांचा भार. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. काकांनी मान हलवली, जशी एखाद्याने चष्म्याचा बरोबर नंबर सांगितल्यावर हलवावी.

लेक गवंड्याकडे वळली. "दादा, माझं चुकलं. गल्लीत काही बोलणार नाही मी. बोलले तर तुमच्या बाजूने बोलेन."

"चरा माझाच आहे, ताई," गवंडी म्हणाला. "तेवढा राहू द्या माझ्या नावावर."

खाली चहा झाला तो तोंडं पाडूनच झाला. तपासणीवालीने जाण्यापूर्वी सांगितलं की तिनांतली दोन पॅनेलं बदलावी लागतील, तिसरं निम्मंशिम्मं चालेल. तोवर इस्त्री सकाळी लाईट असतानाच उरकून घ्या. आणि धूळ बसू देऊ नका, पंधरा दिवसांनी पाणी मारा, लांब दांड्याचा मऊ ब्रश, भुकटी नाही, साबण नाही, घासणं नाही. वजन तर नाहीच नाही.

"ते मी बघेन," लेक म्हणाली. "बाबांची गच्ची बंद." तिने गच्चीच्या दाराची किल्ली खुंटीवरून काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. ज्या बोलीवर काकांना गच्ची मिळाली होती तीच पुरी झाली होती.

पहिले दोन दिवस ते खिडकीत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीची काच घासायला घेतली. चौथ्या दिवशी काकूंच्या चष्म्याला दोनदा हात लागला. पाचव्या दिवशी त्यांनी काकू झोपलेल्या असताना भिंतीवरच्या घड्याळाची काच काढली आणि परत बसवताना घड्याळ साडेतीनला थांबवलं. आठव्या दिवशी ते काहीही घासेनात. जेवण पुढ्यात ठेवलं की जेवायचे, लाईट गेली की पंख्याकडे बघायचे. काकूंना चष्म्यावरची बोटं परवडली असती, हे परवडेना.

नवव्या दिवशी लेक कामाला आली तेव्हा काकू कारखान्याच्या दारात उभ्या होत्या.

"किल्ली दे."

"आई, तू सुद्धा? तूच म्हणायचीस ना, कशाला वर जातात म्हणून?"

"म्हणायचे. तेव्हा ते वर होते, आता माझ्या डोळ्यांपुढे असतात. फरक आहे." काकूंनी हात पुढे केला. "लांब दांड्याचा ब्रश आण. खालीच उभं राहून करतील."

"आणि परत चढले तर?"

"मी असेन ना वर."

लेकीने पर्समधून किल्ली काढून दिली. काकूंना गच्चीचा लोखंडी जिना चढून सात वर्षं झाली असतील. गुडघे त्यांचेही काही कमी बोलत नव्हते. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी पदर खोचला, प्लास्टिकची खुर्ची काकांच्या हातात दिली, आणि एकेका पायरीवर थांबत, पायऱ्या करणाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढत वर गेल्या.

खुर्ची पायवाटेच्या मधोमध ठेवली, तीत त्या बसल्या. समोर आठ पॅनेलं होती, दोन बदलायची राहिलेली. काकांनी नळीने पाणी सोडलं आणि लांब दांड्याचा ब्रश उचलला. तो त्यांच्या हातात बसेना. टोक कुठे टेकतंय, किती जोर पडतोय, काही कळत नव्हतं. पाणी निम्मं काचेवर, निम्मं काकूंच्या चपलांवर.

"तिकडे राहिलं," काकू म्हणाल्या.

"कुठे?"

"त्या कोपऱ्यात. पक्ष्याने केलंय ते."

काकांनी ब्रश तिकडे नेला. दोनदा ढकलला, निघालं नाही. त्यांनी दांडा खाली ठेवला, पुढे झाले आणि डावा हात आपोआप पॅनेलच्या कडेकडे गेला. काकूंनी बसल्या जागेवरून त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"सवय गं," काका म्हणाले.

"माहिती आहे. आता मला सदरा धरायची सवय होईल. पाणी मारा अजून, भिजू द्या. निघेल आपोआप."

काकांनी परत नळी घेतली आणि थांबून पाणी सोडत राहिले. काकूंनी सदरा सोडला नाही. खाली लेकीने इस्त्री लावली, अकरा वाजायला अजून बराच वेळ होता.